मन्नूबिया विहीण उघडत नाहीत

शेदलीला त्या दिवशी फोनच्या सेटिंगमध्ये शिरायची खरं तर काही गरज नव्हती. पण लेकीच्या साखरपुड्याचे फोटो काढायचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं, आणि फोनमध्ये जागा उरली नव्हती. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'फॉरमॅट' या नावाखाली त्याला दोन पर्याय दिसले : 'अधिक कार्यक्षम' आणि 'सर्वांशी जुळणारे'. पहिल्याला निम्मीच जागा लागते, असंही खाली लिहिलं होतं.

"ते सर्वांशी जुळणारं घ्या," नजीबा, म्हणजे त्याची बायको, मिरच्या भाजता भाजता म्हणाली.

"अठ्ठावीस वर्षं सर्वांशी जुळवूनच घेतोय. एकदा तरी कार्यक्षम होऊ दे!" असं म्हणून शेदलीने पहिल्यावर बोट टेकवलं. (ट्युनिशियातल्या स्फाक्स शहराच्या तेलगिरणीत तो तितकीच वर्षं कारकून होता. 'कार्यक्षम' हा शब्द तिथे त्याच्या बाबतीत अजून कुणी उच्चारला नव्हता.)

साखरपुडा थाटात झाला. शेदलीने तीनशे बारा फोटो काढले. युसरा, त्याची लेक, दुसऱ्या दिवशी ट्युनिसला नोकरीवर परतली आणि शेदलीने फोटो गिरणीतल्या कॉम्प्युटरवर उतरवले. तिथे प्रत्येक फोटोच्या जागी नुसता पांढरा चौकोन. 'म्हातारं यंत्र, दिसत नसेल त्याला,' असं म्हणून त्याने फोनमध्ये बघून बघून प्रत्येक फाईलचं हौसेने बारसं केलं. 'अनीस जावई.' 'मन्नूबिया विहीण.' 'मन्नूबिया विहीण हसताना.' दोन दिवस गिरणीचं काम ठप्प. मग पेनड्राइव्ह विहीणबाईंच्या दुकानात पोचता केला.

मन्नूबियाबाई नवऱ्यामागे पंधरा वर्षं बदामाच्या मिठाईचं दुकान एकटीच्या हिमतीवर चालवत होत्या. शब्दाला पक्क्या आणि रागालाही. दुपारीच त्यांचा फोन आला.

"शेदलीभाऊ, आमचं काही चुकलं का?"

"छे छे! का हो?"

"मग माझ्या नावापुढे 'अनोळखी प्रकार' असं का लिहून पाठवलंत?"

शेदलीच्या हातातला चहाचा ग्लास कलंडला. "मी?"

"'मन्नूबिया विहीण : अनोळखी प्रकार.' 'अनीस जावई : अनोळखी प्रकार.' माझी आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची, ती पण अनोळखी प्रकार! तीनशे बारा वेळा लिहिलंय. आणि फोटो बघावा तर एक नाही!"

"अहो, ते मी नाही, कॉम्प्युटर म्हणतोय!"

"कॉम्प्युटरला माझं नाव कुणी सांगितलं?"

फोन ठेवला गेला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. नजीबाने कपाळावर हात मारून घेतला. "लग्नाआधीच सोयरीक मोडायला निघालात!"

शेदलीने घाईघाईने सेटिंग बदलून 'सर्वांशी जुळणारे' केलं आणि फोन समोर ठेवून अर्धा तास त्याच्याकडे बघत बसला. फोटो होते तसेच. मग त्याच्या लक्षात आलं की, उघडणाऱ्या फोटोंच्या नावाला 'जेपीजी' असं शेपूट असतं आणि आपल्या फोटोंना 'एचईआयसी' असं काहीतरी भलतंच. शेपूट बदललं की जनावर बदलेल, या हिशेबाने त्याने गिरणीतल्या कॉम्प्युटरवर तीनशे बारा शेपट्या छाटून नव्या चिकटवल्या. या खेपेला तो नजीबाला, नवा पेनड्राइव्ह आणि तेलाचा डबा घेऊन स्वतः दुकानात गेला.

कॉम्प्युटरसमोर सगळे जमले. विहीणबाई, त्यांची आई, अनीस. शेदलीने ऐटीत क्लिक केलं. पडद्यावर अक्षरं उमटली आणि मन्नूबियाबाईंनी ती सावकाश, मोठ्याने वाचली.

"'मन्नूबिया विहीण' उघडत नाही. बिघडलेली किंवा निराधार असावी."

मग त्यांनी ती पुन्हा एकदा वाचली.

"मी बिघडलेली?" विहीणबाई म्हणाल्या. "आणि निराधार? मी?"

"काय म्हणतायत व्याही?" आजीला कमी ऐकू यायचं.

"मी बिघडलीये म्हणतायत, आई!"

"हे त्यांना आत्ता कळलं?" आजी म्हणाली.

अनीस तोंड फिरवून हसू दाबत होता. त्यानेच युसराला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"बाबा, सेटिंग पुढच्या फोटोंना लागू होतं, काढून झालेल्यांना नाही! आणि तिखटजाळ हरिसाच्या बरणीवर 'मध' लिहिलं म्हणून हरिसा गोड होते का? फोनमधले मूळ फोटो पुसले नाहीत ना?"

जागा करायची म्हणून सकाळीच शेदली ते पुसायला बसला होता.

"मी पुसू दिले नाहीत," नजीबा म्हणाली. "फोन हिसकावून घेतला."

"आई, तू देवमाणूस आहेस. अनीसला द्या फोन, तो जेपीजी करून घेईल."

दहा मिनिटांत झालं. पहिला फोटो उघडला : छताचा पंखा. दुसऱ्यात विहीणबाईंचा डावा अर्धा भाग. तिसऱ्यात अंगठी घालायचा क्षण, पण समोर शेदलीचा अंगठा. मग अंगठाच अंगठा, मिटलेले डोळे, कुणाचे तरी बूट. शेदली घामाने निथळत होता.

आणि एकशे चाळिसावा फोटो आला. बदामाच्या मिठाईचं ताट. एकेक बदाम मोजून घ्यावा इतका स्वच्छ, वर पिस्त्याची हिरवी पूड, मागे युसरा आणि अनीस एकमेकांकडे बघून हसतायत.

मन्नूबियाबाईंचा चेहरा एकदम सैलावला. त्यांनी डोळ्यांना ओढणीचं टोक लावलं. "हा मी मोठा करून दुकानात लावणार. भाऊ, राग सगळा गेला बघा. काय हात आहे तुमचा! कसा काढलात हा?"

शेदलीने मान खाली घातली.

"तो मी नाही काढला," तो म्हणाला. "जेवायला बसताना फोन ताटासमोर पेल्याला टेकवून ठेवला, तेव्हा आपोआप निघाला."