फरशी चाटणारे भोयरकाका

टाइल्सच्या दुकानात शिरल्यावर माणसं भाव विचारतात. आमचे शेजारी भोयरकाका जीभ बाहेर काढत. एक टाइल उचलायची, उलटी करायची, धोतराच्या सोग्याने पुसायची आणि तिच्या पाठीला जिभेचं टोक टेकवून डोळे मिटायचे. जीभ चिकटली की टाइल परत जागेवर. "आच कमी पडली," एवढाच निकाल. दुकानदार तोंडाचा आ करून पाहत राही.

हे वेड नव्हतं. काका मूळचे खापा गावचे. त्यांच्या वडिलांची कन्हान नदीच्या काठी कवेलूंची, म्हणजे छपराच्या कौलांची, भट्टी होती. कच्चा भाजलेला माल पाणी ओढतो, म्हणून ओली जीभ धरून ठेवतो, हे ज्ञान त्यांना अक्षरओळखीच्या आधी मिळालं होतं. पुढे कोराडीच्या वीजघरात कारकुनी केली, पण लक्ष सगळं भट्टीतच राहिलं.

आच फक्त टाइलांचीच कमी पडे असंही नाही. गल्लीतला नवा जावई, समोरच्या वकिलांचं इंग्रजी, माझ्या बायकोचं तुरीचं वरण, सगळ्यांना निकाल एकच. वरणावरून बायको पंधरा दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मग तिने एकदा डाळ अर्धा तास जास्त शिजवून वाटीभर वरण पाठवलं. वाटी बोटाने पुसून परत आली. काकांकडून याहून मोठी शाबासकी कुणालाच मिळाली नाही.

आमच्या न्हाणीघराला टाइल्स लावायच्या ठरल्या, तेव्हा त्यांना सोबत नेण्याची दुर्बुद्धी मला झाली. बर्डीच्या बाजारातली चार दुकानं चाटून झाली. पाचव्यात काकांनी खिशातून शाईची दौत काढली. टाइलच्या चकचकीत बाजूवर एक थेंब टाकला, पाच मिनिटं घड्याळाकडे पाहत बसले आणि मग रुमालाने पुसलं. केसासारख्या बारीक निळ्या रेघा तशाच राहिल्या.

"पाहा. चकाकीले तडे गेले हायेत. दोन हिवाळ्यांत पापुद्रे सुटतीन."

मालक वैतागला. "काका, तुमच्या घरी कोणती टाइल हाय, थे तरी सांगा."

काकांनी दौतीचं बूच घट्ट लावलं. त्यांच्या घरात लाल सिमेंटचा गुळगुळीत कोबा होता. तीस वर्षांत एकही टाइल पसंत पडली नव्हती. काकू म्हणत, "यायले टाइल भेटंपर्यंत माहे पाय झिजतीन."

पुढे दोनेक वर्षांनी एका सकाळी काका दारात उभे. "चाल गा, टाइल घ्याची हाय."

त्याच पाचव्या दुकानात गेलो. काका थेट मागच्या अंगणात, नापास मालाच्या ढिगाकडे. खडबडीत, चकाकी नसलेल्या, धड न भाजलेल्या टाइल्स. त्यांनी एकही चाटली नाही. चपला काढल्या, दहा-बारा टाइल्स जमिनीवर मांडायला लावल्या आणि डोळे मिटून त्यांच्यावरून चालू लागले. खाली उतरले, पुन्हा चढले. "ह्याच द्या."

मालकाने शेजारच्या दुकानदाराला हाक मारून आणलं. "या, भोयरकाका माल घेऊन राहिले! काका, याले तर आचच लागली नाही ना!" दोघं पोट धरधरून हसले. काकांचे कान लाल झाले, पण त्यांनी पैसे मोजून दिले. खरं सांगतो, मला वाटलं, म्हाताऱ्याची बुद्धी चळली.

सायकलरिक्षात बसल्यावर काका आपणहून बोलले.

"तुह्या काकूले दिसून नाही राहिलं. डायबेटिसनं डोळे गेले. भिंत चाचपत मोरीत जाते. परवा चौकटीवर आपटली, तर मले म्हणे, झोपेत होती. सांगत नाही थे. सांगितलं का तिच्या हातचं काम जाईन, असं वाटते तिले. स्वयंपाकघर, मोरी, खाट, बैठक, असा एक पट्टा टाकतो. बाकी कोबा गुळगुळीत. पायाले फरक समजते."

"पण काका, ह्या टिकणार नाहीत."

"नाहीच टिकत. पाच वर्सं, लय झालं. मंग बदलवीन." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू काही बोलजो नको. मले समजलं, हे तिले नाही समजलं पाह्यजे."

महिनाभराने मी त्यांच्याकडे गेलो. काकू ताटलीत दोन कप चहा घेऊन आतून आल्या. भिंतीला हात नाही, पाऊल अडखळलं नाही, थेंबही सांडला नाही. ताटली ठेवून त्यांनी तोफ डागली.

"पाह्यलं का गा, काय आनलं तुह्या काकानं? जलमभर लोकाच्या टाइला चाटल्या, अन् घरच्या टायमाले फसले! साऱ्या गल्लीले सांगितलं म्या."

मनापासून हसल्या. गल्लीत तर काकांना पाहिलं की पोरंसोरं जीभ काढून दाखवत होती. मला राहवेना. मी तोंड उघडलं, तोच काकांनी माझा गुडघा दाबला. या माणसाबद्दल इतकी माया मला कधी वाटली नव्हती.

"फसलो वं," काका म्हणाले. "बुढा झालो आता."

या कबुलीने काकू खूष झाल्या आणि चिवडा आणायला वळल्या, सरळ, पट्ट्यावरून. त्या आतल्या दारापर्यंत पोचेस्तोवर काकांनी चहाला तोंड लावलं नाही.