विजेच्या बरण्या आणि पंतांची पळी

दामूपंत तारमास्तर रोज सकाळी कल्याण स्टेशनात येऊन वीज ढवळायचे.

हसू नका. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहितोय. मी जोमा, ठाकुर्लीचा. आधी मिठागरात खपलो, मग रेल्वेत खलाशी लागलो, आणि तारखोलीत ओझी उचलणं, झाडणं, पाणी भरणं माझ्याकडे होतं. शाळेत मी फार गेलो नाही, पण जे पाहिलं ते पाहिलं. त्यात कोणी मला शिकवू नये.

तारखोलीत भिंतीशी एक लांब फळी. फळीवर काचेच्या बरण्यांची रांग. प्रत्येक बरणीच्या तळाशी तांब्याचा पत्रा आणि निळा मोरचूद, वर पाणी, पाण्यात टांगलेला जस्ताचा तुकडा. एका बरणीची तार दुसरीला, दुसरीची तिसरीला. ह्या सगळ्या वरातीला साहेब लोक बॅटरी म्हणायचे. हिच्या जोरावर तारयंत्राचा काटा डावीउजवीकडे हलायचा आणि गाडी ठाण्याहून सुटली की नाही ते आम्हाला कळायचं.

पंतांनी बरण्या पाहिल्या आणि त्यांच्या मनाने घेतलं, हे लोणचं आहे.

लोणच्याचे सगळे नियम त्यांनी विजेला लावले. ओला हात लावायचा नाही. बरणीच्या तोंडाला पांढरं फडकं बांधायचं. ग्रहणात प्रत्येकीवर दर्भाची काडी. आणि रोज सकाळी आंघोळ करून, सोवळ्यात येऊन, लाकडी पळीने प्रत्येक बरणी खालीवर करायची. बरणीत खाली गडद निळं आणि वर स्वच्छ पांढरं पाणी असे दोन थर असत. ते पंतांना बघवत नसे.

"बघ जोमा, खालचं तट्ट जेवलंय आणि वरचं उपाशी. हा काय न्याय झाला?" असं म्हणून पळी फिरवायचे. सगळं निळंशार झालं की मान डोलवायचे. "आता कशी एकजीव झाली."

बॅटरी बसवायला आलेल्या कारागिराने जाताना बजावलं होतं की बरण्यांना धक्का लावू नका. पंत म्हणाले, "त्याच्या घरी लोणचं घालत नसतील."

काटा मंद झाला की पंतांचं ठरलेलं, "मुरू द्या जरा." गार्ड दारात पाय आपटतोय, इंजिन शिट्ट्या मारतंय, आणि पंत शांत.

"मास्तर, लाइन मिळाली का?"

"मुरत्येय."

"अहो, गाडी उभी आहे!"

"गाडीला घाई आहे. विजेला नाही. मुरू द्या जरा."

बॅटरी मात्र मुरायच्या आधीच मरायची. इतर स्टेशनांत वर्ष काढणारी बॅटरी आमच्याकडे चातुर्मास पुरा करत नसे. जस्त काळं पडून चिखलासारखं गळायचं. मग मुंबईहून नवं सामान, मग मी जुन्या बरण्या खाली उतरवणार, नव्या वर चढवणार, आणि दुसऱ्या दिवशी पळी पुन्हा सुरू.

माझं म्हणणं वेगळं होतं. तारखोलीच्या पलीकडे मालधक्का. तिथे मिरच्यांची पोती पडलेली असत. माणसाला तिथे उभं राहवत नाही, मग विजेला कसं सोसवेल?

"पंत, मिरचीचा ठसका लागतो तिला," मी सांगायचो.

"वीज शिंकते का रे गाढवा?"

"शिंकत नाय, पन मरते ना?"

"तू मिठागरातला. तुला मिठापलीकडे काय कळणार?"

"मग लोनच्यात मीठ नसतं काय, पंत?"

 पंत दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "मीठ घालून पाहू का थोडं?" मीच हात धरला.

शेवटी तारेचे साहेब स्वतः आले. उंच, लाल, घाम पुसत. मेलेल्या बरण्या बघितल्या, मग पंतांकडे बघितलं. त्यांच्या तुटक्या हिंदीत म्हणाले, "पंत, नया बॅटरी देता है. ये भी जल्दी मरा, तो तुम घाट में जायेगा."

घाटातलं स्टेशन म्हणजे डोंगर, धुकं आणि माकडं. साहेब गेल्यावर पंत खुर्चीत बसले. पगडी काढून मांडीवर घेतली.

"जोमा, घाटात मी भांडू कोणाशी?"

पंतांची बायको गेल्याला तेव्हा फार काळ झाला नव्हता. मूलबाळ नाही. जेवण एका लांबच्या मावशीकडे. तळ्याकाठच्या घरात ते एकटे. तिथून त्यांना उचलून घाटात टाकलं तर हा माणूस टिकायचा नाही, एवढं मलाही कळत होतं.

नव्या बरण्या लागल्या. मी म्हटलं, आता पंत जपून राहतील. तर त्यांनी भीतीपोटी ढवळणं दुप्पट केलं. सकाळी एकदा, संध्याकाळी दिवे लावताना एकदा. काटा पुन्हा मंदावू लागला. पंतांचा चेहरा बरण्यांसारखा निळा पडत चालला.

मग देवाला दया आली आणि पंतांना हिवताप आला.

बदलीला ठाण्याहून एक तारमास्तर आला. इतका आळशी माणूस मी जन्मात पाहिला नाही. खुर्चीतून उठायचा तो फक्त जेवायला. बरण्यांकडे त्याने ढुंकून बघितलं नाही. फडकी वाऱ्याने उडाली, तीही त्याने बांधली नाहीत. आणि काय सांगू, इकडे काटा टकाटक उड्या मारायला लागला!

पंत उठून आले तेव्हा अंगावर घोंगडी, हातात पळी. फळीपाशी गेले. खाली निळं, वर पांढरं, दोन्ही थर कापून ठेवल्यासारखे. त्यांनी काटा हलवून बघितला. काटा चाबकासारखा फिरला. पुन्हा बघितला. मग सवयीने पळी वर उचलली.

मी आडवा झालो. "पंत, घाटात जायचंय?"

"बाजूला हो."

"माज्या अंगावरून जावा. मिरची गेल्या आठवड्यात उचलली धक्क्यावरनं, म्हनून ही जगली. पन तुमची पली बी आवरा. जसं हाय तसं राहू द्या."

 पंतांनी पळी धोतराला पुसली आणि काखेत धरली. "तुझ्या मिरचीने काही झालेलं नाही," एवढंच बोलले. पळीचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. मिरचीचं मात्र मी आजही म्हणतो.

पुढे साहेब आले, काटा पाहिला, जस्त पाहिलं आणि पुढच्या गाडीने गेले. घाट टळला. स्टेशनात पेढे वाटावेत इतका आनंद मला झाला, आणि पंतांना झालेला दिसला नाही. ते वेळेवर यायचे, वेळेवर जायचे. लवकर यायचं कारणच उरलं नव्हतं. भांडायचेसुद्धा अर्ध्या आवाजात.

दिवाळीच्या आधी मी घरी होतो. अंगणात चुना भिजवलेला, बायको कुंचा बांधत बसलेली. उन्हं वर येत होती. बघतो तर रुळांच्या कडेने पंत चालत येतायत, कल्याणहून ठाकुर्लीपर्यंत पायी. आमच्या अंगणात ते कधी आले नव्हते.

"बसा पंत," मी पाट पुढे केला.

ते बसले नाहीत. इकडेतिकडे बघत म्हणाले, "जोमा, तुझ्याकडे काही ढवळायचं आहे का रे?"

बायकोने पदर तोंडाला लावला. मी चुन्याच्या पिंपाकडे बोट दाखवलं आणि बांबूची काठी दिली. पंतांनी धोतर खोचलं आणि ढवळायला लागले. हळूहळू, तळापासून वर, काठाला काठी न आपटता.

ढवळता ढवळता, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "आमची ही सकाळी लोणच्याच्या बरण्या खालीवर करायची. मी शेजारी बसून पूजेची फुलं निवडायचो. बोलणं काही नसे रे. पळी फिरल्याचा आवाज तेवढा. ती गेल्यावर घरात तो आवाज आला नाही."

 

चुना केव्हाच झाला होता, दुधासारखा. बायको कुंचा घेऊन पुढे आली. मी तिला हाताने थांबवलं, घरात गेलो आणि उरलेल्या चुनकळ्या सूपभर आणून पिंपात ओतल्या. पाणी खदखदलं. पंतांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि काठी नीट धरली.

त्या वर्षी आमचं घर पांढरं झालं, गोठा पांढरा झाला, विहिरीचा कठडा पांढरा झाला, तरी चुना उरला. मग शेजाऱ्याची भिंतही रंगवली, त्याला न विचारता.