गुणाजी साळिंदराचा उपवास

बाळांनो, एका जंगलात एक शहर होतं. जंगलात शहर कसं, असं विचारू नका. शहरात जंगल असतं ते तुम्हाला चालतंच ना?

त्या गजबजलेल्या शहरात गुणाजी साळिंदर पाहुणा आला. त्याला गहू सोसत नसे. पोळीचा तुकडा पोटात गेला की तो अंथरूण धरी आणि त्याचे काटे गळू लागत. काट्यांशिवाय साळिंदर म्हणजे थोराड उंदीर. म्हणून बिचारा जन्मभर भाकरीवर राहिला होता. पण जीव सगळा गोडात. एकदा शहरातलं गोड पोटभर खायचं आणि काट्यांसकट घरी परतायचं, एवढीच त्याची इच्छा होती.

तो अस्वलशेठच्या मिठाईच्या दुकानात गेला.

"शेठ, गहू नसलेलं काही आहे का?"

"आपल्याकडे गव्हाचा दाणा सापडायचा नाही. हे बेसनलाडू घ्या. खुसखुशीत व्हावेत म्हणून थोडा रवा घातलाय."

"रवा गव्हाचाच असतो."

"काहीतरीच काय. बरं, पेढे घ्या. नीट वळावेत म्हणून नुसता मैदा लावलाय."

गुणाजीने मैद्याचं कूळ सांगितलं. शेठना ते पटलं नाही. दुकान त्यांच्या आजोबांचं होतं, आणि आजोबा असलं काही बोलले नव्हते.

मग गुणाजी घोरपडकाकूंच्या खानावळीत गेला. काकूंनी पानात गरम पोळी वाढली.

"काकू, नको. मी आजारी पडतो."

"आमच्या पोळीने कुणी आजारी पडत नाही. अर्धी घ्या. बरं, चतकोर. माझ्यासाठी."

घोरपडीची पकड तुम्हाला ठाऊक आहे. काकू आग्रहाला चिकटल्या की सुटत नसत. चतकोर अगदी तोंडापाशी आली. गुणाजी रडकुंडीला आला आणि तोंडाला येईल ते बोलून गेला.

"काकू, माझा उपवास आहे."

काकूंनी पोळी झटकन मागे घेतली. "आधी नाही का सांगायचं? मला पाप लागलं असतं."

पाहता पाहता साबुदाण्याची खिचडी आली, वरीचे तांदूळ आले, राजगिऱ्याचे लाडू आले. अस्वलशेठनी कढई तीनदा घासली, स्वतः आंघोळ केली आणि निव्वळ खव्याचे पेढे वळून आणले. गुणाजी खात होता आणि रडत होता. इतकं सुख त्याला कधी मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही त्याने उपवास केला. तिसऱ्याही. चौथ्या दिवशी लोक त्याला महाराज म्हणू लागले.

मग एका सकाळी सगळं शहर ढोल वाजवत आलं. पुढे काकू.

"महाराज, पारणं झाल्याशिवाय उपवास फळत नाही. घरोघरी पुरणपोळ्या केल्यात."

गुणाजीचे काटे उभे राहिले. "माझं व्रत आजन्म आहे," तो कसाबसा म्हणाला.

सगळ्यांनी लोटांगण घातलं. अस्वलशेठ वाटी घेऊन पुढे आले.

"धन्य महाराज. मग निदान प्रसाद घ्या. प्रसादाने उपवास मोडत नाही."

"कशाचा आहे?"

"शिरा आहे. गव्हाचं नावसुद्धा नाही, रव्याचा केलाय."

प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, बाळांनो. गुणाजीने शिरा खाल्ला. संध्याकाळपर्यंत त्याचे काटे गळायला लागले. महाराज अंगावरचं सगळं दान करताहेत, असं म्हणत भक्तांनी एकेक काटा उचलून देवघरात ठेवला. गुणाजी उघड्या अंगाने घरी परतला. वाटेत उंदरांनी त्याला भाऊबंद समजून जेवायला बोलावलं.

तात्पर्य: आजाऱ्याचं कुणी ऐकत नाही, म्हणून शहाण्याने आजारी असू नये, महाराज व्हावं. आजारी पाडायला भक्त आहेतच.