गगनवीर आणि खालची दाढ

दातांच्या डॉक्टरांना ‘गगनवीर’ ही मालिका जिवापाड आवडायची, आणि पेशंटच्या तोंडात कापसाचे बोळे असल्यामुळे तिच्याबद्दलचं त्यांचं मत आजवर कुणीही खोडून काढलं नव्हतं. आज खुर्चीत साक्षात ‘गगनवीर’चे लेखक होते. हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. लेखक पहिल्याच भेटीत सांगणार होते, पण तेवढ्यात डॉक्टर म्हणाले होते, “आ करा.”

मालिका लिहिताना लेखक झोपेत करकरा दात खात. त्यामुळे दर सीझनला एक दाढ कामातून जाई.

पहिल्या सीझनच्या दाढेला डॉक्टर म्हणाले होते, “लिफ्ट दुरुस्त करणारा साधा माणूस, आणि उडतो! ज्यानं हे लिहिलंय ना, त्याच्या पाया पडावंसं वाटतं.”

लेखकांच्या डोळ्यांत पाणी आलं. इंजेक्शन कमी पडलं असं समजून डॉक्टरांनी आणखी एक दिलं.

सासूबाईंपासून वाहिनीच्या साहेबांपर्यंत सगळेच लेखकांना तोंडावर ‘छान’ म्हणत. आपण कोण हे माहीत नसलेला प्रेक्षक हा एकच, तेव्हा खरं बोलणाराही हाच, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. त्या कौतुकाच्या बळावर दुसऱ्या सीझनमध्ये त्यांनी धाडस केलं. गगनवीरची बहीण मेली, त्याची शक्ती गेली आणि तो घरी बसला.

“सुपरहिरो, आणि घरी बसून?” दुसऱ्या दाढेला डॉक्टर कडाडले. “घरी बसलेले आमचे मेहुणे आहेत की! त्यासाठी टीव्ही कशाला लावू? त्या लेखकाला एकदा या खुर्चीत बसवा, मग दाखवतो.”

लेखकांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

“दर भागात उडवा म्हणावं त्याला! आणि खलनायक दोन करा.”

वाहिनीच्या साहेबांनीही दम भरला होता, की तिसरा सीझन पडला तर लेखक बदलू. बिचाऱ्या लेखकांनी डॉक्टरांचा शब्द न् शब्द खरा केला. गगनवीर दर भागात उडू लागला, रविवारी दोनदा. खलनायक दोन झाले आणि दोघेही गडगडाटी हसत.

आज तिसरी दाढ होती. शाबासकीच्या आशेनं लेखकांनी न सांगताच आ केला.

“बघताय का गगनवीर?” बोळे भरत डॉक्टरांनी विचारलं. “नका बघू. नुसता उडतो हो! माणूस आहे की डास? सीझन म्हणजे दुसरा. काय ताकद होती त्या घरी बसण्यात! मी तेव्हापासून सांगतोय.”

लेखकांना ठसका लागला. त्यांनी स्वतःच्या हातानं बोळे उपसून काढले.

“दुसऱ्या सीझनला तुम्ही शिव्या घातल्या होत्या!”

“मी? शक्यच नाही.”

“घातल्या होत्या, सर,” ट्रे धरून उभी असलेली सहायिका म्हणाली.

“तू थांब गं. आणि काय हो, तुम्हाला एवढं का झोंबलं?”

“मी लिहितो ती मालिका! तुम्ही म्हणालात म्हणून उडवला त्याला. आता उद्या चौथ्या सीझनची गोष्ट ऐकवायची आहे. साहेबांना पटली नाही तर मला नारळ!”

डॉक्टर मास्क खाली ओढून स्टुलावर बसले.

“म्हणजे मी बोलत होतो, आणि तुम्ही तसं लिहीत होतात?”

“हो.”

“अहो, वेडे का काय तुम्ही? माझं घरी कुणी ऐकत नाही. दोनदा दात घासा म्हणून घसा कोरडा करतो, पेशंटसुद्धा ऐकत नाहीत. हात चालू असले की माझं तोंडही चालू असतं, एवढंच.”

“मग आता विचारू कुणाला?” लेखक रडकुंडीला आले.

“कुणालाच नाही. गोष्ट तुमची, तुम्ही ठरवा. आम्हा प्रेक्षकांचं काय, आज एक, उद्या दुसरंच. आमच्या नादी लागू नका.”

इतकं शहाणपणाचं बोलणं लेखकांनी तीन सीझनमध्ये ऐकलं नव्हतं. त्यांना फार हलकं वाटलं. त्यांनी डोकं मागे टेकलं आणि निश्चिंतपणे आ केला. डॉक्टरांनी नवे बोळे गच्च भरले, पेशंटला आता बोलता येणार नाही याची खात्री करून घेतली, आणि ड्रिल सुरू करत कानाशी वाकले.

“फक्त त्या बहिणीला तेवढं जिवंत करा.”