उकडलेल्या खेकड्यांचं पलायन

"पप्पू, देवानं माणसाला नाक श्वास घ्यायला दिलं. मला मात्र तपासाला दिलंय," असं हौशीरामदाजी नेहमी सांगत. स्वतःबद्दल बोलताना ते विनय ठेवत नसत, कारण विनयामुळं पुरावे नष्ट होतात असं त्यांचं मत होतं. ओतूरला त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. पाटीवर घड्याळाच्या चित्राखाली 'खासगी गुप्तहेर, सल्ला मोफत' असंही रंगवून घेतलेलं. हरवलेली घमेली, पळालेल्या शेळ्या, विहिरीवरून गायब झालेला मोटारीचा स्टार्टर अशा कितीतरी केसेस त्यांनी हातात घेतल्या होत्या. त्यातली एकही सुटली नव्हती, पण त्यांच्या मते प्रत्येक केस 'अंतिम टप्प्यात' होती.

पप्पू हा त्यांचा मेव्हणा आणि म्हणून आपोआप असिस्टंट. जावयाला तोंडावर खुळा म्हणायची सोय पप्पूच्या गावात, आळ्यात, कुणालाच नाही. जावई आला की त्याला चहा द्यायचा, टॉवेल द्यायचा आणि तो जे बोलेल त्याला 'व्हय दाजी' म्हणायचं. ताईच्या लग्नापासून पप्पू हेच करत आला होता.

पण आज त्याला दाजी घरात नको होते. आज संध्याकाळी पेठ गावाहून, त्यानं नुकत्याच बघितलेल्या तेजस्विनीकडची माणसं जेवायला येणार होती. तेजस्विनी मंचरला एका लॅबमध्ये रक्त तपासायची. पप्पूची पस्तिशी उलटलेली. टोमॅटो पिकवतो म्हटल्यावर चहाचा कप अर्धा ठेवून उठणाऱ्या पोरी त्यानं आजवर एवढ्या बघितल्या होत्या, की ही पोरगी पूर्ण कप पिऊन वर बशीतली बिस्किटंही खाते हे पाहून तो तिथंच गार झाला होता. बोलता बोलता ती म्हणाली होती, पुण्यात एकदा मैत्रिणींबरोबर सीफूड बॉईल खाल्लं, खेकडे-कोळंब्या उकडून थेट टेबलावर कागदावर ओततात आणि सगळे मिळून हातानं खातात, लई मजा आली. आणि पप्पूच्या तोंडून निघून गेलं, "त्यात काय, मी घरी करतो. समद्यांना घेऊन या."

आता करणं आलं. त्याचा टोमॅटो वाशीला नेणाऱ्या टेम्पोवाल्याला सांगून त्यानं परतीच्या फेरीत समुद्राचे खेकडे आणि कोळंबी बर्फात घालून आणवली. मोबाईलवरचा व्हिडिओ पाठ होईपर्यंत बघितला. आईला, म्हणजे साळुबाईला, बजावलं, "आई, आज तू फकस्त भाकरी कर. बाकीचं माझ्यावर सोड." साळुबाईनं सोडलं. मागं गोठ्यापलीकडच्या चुलीवर ती भाकऱ्या थापत बसली. देवघर घरात असल्यामुळं त्या घरात मासळी-मटण कायम त्या मागच्या चुलीवरच शिजायचं. पप्पूनं मात्र ओसरीत गॅसची शेगडी आणून मोठ्या पातेल्यात पाणी, मसाला आणि लिंबं टाकून खेकडे, कोळंबी, मक्याची कणसं आणि बटाटे उकडले. पाणी गाळून नाल्यात ओतलं. टेबलावर वर्तमानपत्रं अंथरली आणि त्यावर सगळा ऐवज ओतला. लाल खेकडे, पिवळी कणसं. फोटो काढला आणि अंगाला सुटलेला वास घालवायला अंघोळीला गेला.

अंघोळ करून आला तर टेबलावर नुसते ओले पेपर. आणि पेपरच्या मधोमध एक कोळसा.

दाजी तेवढ्यात ओतूरहून आलेच. त्यांना सर्दी झाली होती. गुन्हेगारीच्या इतिहासात एवढं चोंदलेलं नाक आजवर तपासाला निघालं नसेल. पण घटनास्थळ दिसताच त्यांचा चेहरा असा खुलला, की पप्पूला रडू आवरेना.

"कुनी हात लावू नका," ते म्हणाले, आणि घड्याळदुरुस्तीचं भिंग डोळ्यात खोचून पेपरवर वाकले. भिंगातून त्यांना एका वेळी एक अक्षर दिसत होतं.

"दाजी, पावणं येत्याल आता. आईला ईचारू का?"

"येडा का खुळा तू? घरातल्या बायामान्सांना कळलं की घबराट व्हती. घबराट झाली की पुरावा जातो. मामींना यातलं अक्षर कळता कामा न्हाई."

दाजी सासूला मामी म्हणत. नेमकी तेव्हाच साळुबाई पदराला हात पुसत दारात आली. "पप्पू, खोबरं कुठं ठिवलंय रं?"

दाजींनी चपळाईनं टेबलाला पाठ लावली. "काय न्हाई मामी. समदं ठीक हाय. तुमी आत जावा."

"खोबरं फडताळात हाय," पप्पू म्हणाला. आईला कसली तरी सुकी भाजी करायची असेल, असं त्याला वाटलं. साळुबाई जावयाकडं एकवार बघून गेली.

"पहिली शक्यता," दाजी कुजबुजले, "बिबट्या."

ही शक्यता त्या भागात कुणी हसण्यावारी नेत नाही. उसात बिबट्या, रस्त्यावर बिबट्या. ओसरीत का नसावा? दाजींनी अंगणातल्या धुळीत एक ठसा शोधला आणि त्याच्याभोवती खडूनं रिंगण काढलं.

"पण दाजी, कणसं बी गेल्यात. बटाटं गेल्यात. लिंबाच्या फोडी बी गेल्यात. बिबट्या लिंबू पिळून खातो का?"

 दाजींनी ठशाशेजारी स्वतःची चप्पल ठेवली, जुळली तशी हळूच उचलली आणि खडूचं रिंगण पायानं पुसून टाकलं.

"मग हा कोळसा. ही टोळीची खूण हाय. काम फत्ते झालं की कोळसा ठिवून जात्यात."

"कोळसा मी कुठंतरी बघितलाय दाजी. लहानपणी रानात मटनाचा डबा घेऊन निघालो की आई डब्यात..."

"आठवणी नंतर. आधी तपास." दाजींनी कोळसा रुमालात बांधून खिशात घातला. ते अंगणात गेले आणि थबकले. शेजारी पारसमलशेठचं घर. शेठचं दुकान पुढं बाजारात, राहायला इथं, मधे फक्त एक भिंत. भर वैशाखात त्यांच्या मागच्या बाजूच्या सगळ्या खिडक्या गच्च बंद होत्या.

"बघ," दाजी म्हणाले. "एवढ्या उकाड्यात खिडक्या बंद. का? आत खेकडे हायेत."

"दाजी, जैनाचं घर हाय ते. त्यांच्यात बटाटा बी चालत न्हाई."

"म्हनूनच तर. खायला न्हाई नेले, सोडायला नेले. जीवदया. आत्ता कॅनॉलवर खेकडे पाण्यात सोडत असतील."

"उकडलेले?"

"दया आली की मानूस उकडलंय का कच्चं हाय ते तपासत न्हाई." दाजी स्वतःच त्या वाक्यावर खूश झाले. तरी पप्पूचा चेहरा पाहून त्यांनी तिसरी शक्यता काढली. "न्हाईतर मग गुन्हेगार घरातलाच. पप्पू, खरं सांग. तुला लगीन करायचं नसंल. खेकडे तूच लपवलेस."

पप्पू 'व्हय दाजी' म्हणायला गेला आणि अडकला. ताईच्या लग्नापासून पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला.

"करायचं नसंल? दाजी, पोरी बघून बघून माझ्या चपला झिजल्या. आलेल्या पोरी माझ्याशी बोलायच्या आधी सातबारा बघत्यात न्हाईतर पुण्यात फ्लॅट हाय का ईचारत्यात. ह्या पोरीनं मला ईचारलं, टोमॅटोवर करपा आला तर तुमी काय करता. माझ्या आयुष्यात मला कुनी असं ईचारलं न्हाई. मी तिला एक गोष्ट कबूल केली, एक. ती बी आता पेपरवरनं गेली."

 दाजींनी भिंतीशी टोमॅटोचं एक क्रेट पालथं केलं. "तुझ्यासाठी मी शेठच्या घरात घुसतो," असं म्हणून ते भिंतीवर चढले. एक पाय इकडं, एक पाय तिकडं, डोळ्यात भिंग.

आणि त्याच वेळी फाटकातून पेठची गाडी आत आली. तेजस्विनी उतरली, तिचे वडील बाळासाहेब उतरले. बाळासाहेबांनी भिंतीवर बसलेल्या माणसाकडं पाहून टोपी सारखी केली.

"ते कोन?"

"आमचं दाजी," पप्पू म्हणाला. जमीन दुभंगली असती तर त्यानं मुकाट आत उडी मारली असती.

शेजारच्या गच्चीवर पापड उचलायला उगमबाई आल्या होत्या. पारसमलशेठच्या आई. तोंडाला पदर लावून त्यांनी खाली पाहिलं.

"हौशीराम, भिंतीवर काय करताय?"

"उगमबाई, खिडक्या का लावल्या ते सांगा. तपास चाललाय."

"खिडक्या? अहो, मघापासून तुमच्या मागच्या चुलीवर मासळीचा रस्सा उकळतोय. वारा सगळा आमच्या घरात. आम्हाला नाही सोसत तो वास, म्हणून लावल्या. साळुबाईंना मी काही बोलले नाही हो, पाहुणे यायचेत म्हणून. तुम्हाला येत नाही का वास?"

दाजींनी नाक ओढलं. काही आत गेलं नाही. पप्पूला अंघोळीनंतरही स्वतःच्याच अंगाचा वास येत होता, त्यामुळं त्याचंही नाक कामातून गेलेलं. तो गोठ्याच्या मागं पळाला.

चुलीवर पातेलं. त्यात लालभडक रस्सा, वर तर्री, आणि रश्श्यातून खेकड्यांच्या नांग्या आणि मक्याची कणसं डोकावत होती. साळुबाई भाकरी फुंकत होती.

"आई, ते बॉईल व्हतं."

"उकडून कागदावर निथळत ठिवलं व्हतंस की. मला वाटलं तुझं तेवढंच येतंय, म्हनून फोडनी मी दिली. पानी मात्र कुठं ओतलंस रं?" तिनं पोराकडं पाहिलं. "आन तिन्हीसांजंला मासळी अशी उघडी टाकत्यात व्हय? वाईटसाईट लागतं. म्हनून आधी कोळसा ठिवला, मग पातेलं घेऊन आले. कोळसा कुठं गेला?"

"दाजींच्या खिशात," पप्पू म्हणाला.

पंगत ओसरीत बसली. टेबल नाही, कागद नाही. ताटात भाकरी, वाटीत रस्सा, वाटीत न मावणारा खेकडा. पप्पूची मान वर होत नव्हती. बाळासाहेबांनी भुरका मारला, पुन्हा मारला आणि मग मोकळेपणानं सांगितलं, "खरं सांगू का राव? कागदावरचं उकडलेलं म्हटल्यावर मी घरनं पिठलं-भाकरी खाऊन आलोय. वाढा आजून."

"घटनेचा सगळा उलगडा मी भिंतीवर असतानाच झाला," दाजी त्यांना समजावत होते, आणि ते खोटंही नव्हतं.

तेजस्विनीनं बाह्या वर केल्या होत्या. नांगी दाढेखाली फोडत, कोपरापर्यंत ओघळलेला रस्सा पुसत ती पप्पूला म्हणाली, "आई सांगत होत्या, खेकडे उकडलेलं पाणी खरंच ओतून दिलंत?"

"व्हय."

"पुढच्या वेळी ओतू नका. रश्श्यात लागतं."

पप्पूनं ते मनात पुन्हा म्हणून पाहिलं. पुढच्या वेळी. त्याला कुणाच्या भिंगाची गरज पडली नाही. समोर साळुबाईनं हातातली भाकरी तशीच धरली होती, म्हणजे तिलाही ऐकू गेलं होतं.

दाजी मात्र तोंडात घास घेऊन पप्पूच्या कानाशी लागले. "पप्पू, पोरीच्या मनात काय हाय त्याचा एकही धागा हाती लागत न्हाई. तपास लांबनार."

पप्पूनं पळी उचलली आणि त्यांच्या ताटात आणखी एक खेकडा वाढला.

"तुमी जेवा दाजी," तो म्हणाला. "ती केस मी बघतो."