सासऱ्यांचा फोन पळू लागला

जावयाने सासऱ्यांच्या फोनवर बोट टेकवले आणि तो वाट पाहत बसला. फोनने आधी पडदा पांढरा केला, मग काळा केला आणि मग एक गोल फिरवायला घेतला. तेवढ्यात जावयाचा चहा निम्मा झाला.

"बाबा, हा रोज असाच वेळ लावतो?"

"लावतो बापडा," सासरे म्हणाले. "मला तरी कुठं गाडी पकडायचीये?"

सासऱ्यांना चालत असेल, पण जावयाला चालण्यातले नव्हते. तो दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त करून त्यांना प्रमाणपत्र देत असे. काटा स्थिर व्हायला चार सेकंदांऐवजी सहा सेकंद लागले, तर तो स्क्रूड्रायव्हर काढी. जगातली प्रत्येक वस्तू आपल्या कुवतीपेक्षा कमी काम करते आणि तिला कुणीतरी नीट बोलले पाहिजे, असे त्याचे प्रामाणिक मत होते. बायकोनेही हे मत सहा वर्षे सहन केले होते.

"यात प्रोसेसर असतो ना, म्हणजे फोनचा मेंदू, तो खरं तर बराच जोरात पळू शकतो," तो सांगू लागला. "पण त्याला हुकूम सोडणारा एक प्रोग्रॅम असतो, तो कर्नल. कंपनीचा कर्नल भित्रा असतो. आपण तो काढून दुसरा धीट घालू. त्यासाठी आधी फोन रूट करायचा. म्हणजे कंपनीनं लावलेलं कुलूप काढायचं."

"कंपनीनं कुलूप लावलं असेल तर काही विचार करूनच लावलं असेल ना?"

"त्यांच्या सोयीचा विचार, बाबा."

सासऱ्यांनी यावर बोलायला तोंड उघडले आणि मिटले. हा त्यांचा जन्माचा स्वभाव नव्हता, नोकरीने लावलेला होता. छापखान्यात त्यांनी अडतीस वर्षे मुद्रितशोधकाचे काम केले होते. छापायला जाणारा मजकूर आधी तपासायचा, चुका काढायच्या, पुन्हा तपासायचा. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरले नाही, तेव्हा ते स्वतःचेच बोलणे तपासू लागले.

फोनवर तर त्यांनी एक पद्धतच बसवली होती. राग आला की मनात येईल ते सगळे धडाधड लिहायचे, एक शब्द गाळायचा नाही आणि 'पाठवा' दाबायचे. मग तो गोल फिरू लागे. तो अर्धा मिनिट फिरे, कधी पाऊण. तेवढ्या वेळात सासरे चष्मा पुसून सगळा मजकूर पुन्हा वाचत, तिसऱ्या ओळीपर्यंत त्यांना स्वतःचीच लाज वाटे आणि ते मागे जायचे बटण दाबून मोकळे होत. 'पाठवा' दाबणे ही त्यांच्या लेखी तपासणीची सुरुवात होती. तीन वर्षांत त्या फोनमधून जगापर्यंत पोचलेले शब्द म्हणजे 'होय', 'पोचलो' आणि 'वाचली'. त्यामुळे शांत, मितभाषी आणि समंजस माणूस म्हणून त्यांचा चारचौघांत चांगला लौकिक होता. आतल्या आत किती दारूगोळा विझला, ते फोनला आणि थोडेफार सासूबाईंना माहीत होते.

यातले 'वाचली' होते ते दादासाठी. दादा म्हणजे सासऱ्यांचा थोरला भाऊ, नऊ वर्षांनी मोठा. बसडेपोत वेळापत्रक सांभाळण्यात हयात गेली आणि निवृत्तीनंतर त्याला कविता होऊ लागल्या. रोज एक कविता तो धाकट्या भावाला पाठवी. सासऱ्यांच्या फोनवर तिच्या पहिल्या दोन ओळी दिसत. पुढच्या दिसायला 'पुढे वाचा' दाबावे लागे, आणि ते दाबले की फोनला जी धाप लागे ती पाहवत नसे. म्हणून सासरे दोन ओळींवरच 'वाचली' लिहीत. भावाभावांत कधी भांडण म्हणून झाले नव्हते. बोलणेच फारसे होत नसेल तर भांडण व्हायचे कसे? पण आईवडील गेल्यावर सासऱ्यांना मोठे असे तेवढे एकच माणूस उरले होते, आणि ते आहे या भरवशावर सासरे बाहत्तराव्या वर्षीही स्वतःला धाकटे समजत.

जावयाने दुसऱ्या दिवशी सकाळी काम हाती घेतले. आधी फोनमधले सगळे फोटो आणि निरोप लॅपटॉपवर काढून घेतले, कारण कुलूप काढले की फोन रिकामा होतो. मग रूट केले, नवा कर्नल घातला, सगळे सामान परत आत ठेवले आणि वेगाचा आकडा दीडपटीवर नेला. खाली एक चौकोन होता, 'फोन सुरू होताच हाच वेग लागू करा'. त्यात खूण केली. काम करावे तर पक्के, ही त्याची सवय.

"अगंबाई!" सासूबाईंनी बोट लावून पाहिले. "टेकायच्या आधीच उघडतोय की हा!"

जावई कृतकृत्य झाला आणि आंघोळीला गेला. सासरे फोन घेऊन गॅलरीत बसले.

पहिला निरोप गेला इमारतीच्या सेक्रेटरीला. लिफ्ट अकरा दिवस बंद होती. सासऱ्यांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, 'आपण लिफ्ट दुरुस्त करणार होता की तिचे श्राद्ध घालणार होता?' आणि त्याखाली सेक्रेटरीच्या एकंदर कर्तबगारीचा आढावा घेतला. 'पाठवा' दाबले. तेवढ्यात दादाची कविता येऊन पडली, म्हणून ते तिकडे वळले. दोन ओळी वाचल्या, सवयीने 'पुढे वाचा'वर बोट ठेवले आणि काय आश्चर्य! सोळाच्या सोळा ओळी डोळ्यांसमोर उभ्या.

कवितेचे नाव होते 'आई'. आई धुणे धुताना गात असे, भांडी घासताना गात असे, तिच्या गाण्याने घर भरून जात असे, असे दादाने लिहिले होते.

सासऱ्यांच्या मस्तकात तिडीक गेली. त्यांना आठवत होती ती आईची पाठ. ओट्याकडे वळलेली, शिलाई मशीनवर वाकलेली. जवळ जावे तर 'आता नको रे' एवढेच म्हणणारी आई. ती गाणारी बाई दादाने कुठून आणली? त्यांनी लिहिले:

'दादा, ही कविता खोटी आहे. आई कधीही गायली नाही. मी तिला साधे गुणगुणतानाही ऐकले नाही. ती दमलेली असायची आणि तू घरात नसायचास. तिच्यावर लिहायचे तर खरे लिही, नाहीतर लिहू नकोस. बाकीच्या कविताही अशाच असणार.'

'पाठवा' दाबले. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला आणि तपासायला बसले. गोल कुठेच नव्हता. मजकूर मात्र आपल्या जागी जाऊन बसला होता आणि त्याच्या शेजारी दोन खुणा उमटल्या होत्या.

"जावईबापू!"

ही हाक ऐकून जावई अंगाला साबण असताना बाहेर आला, यावरून तिचा अंदाज यावा.

"हा निरोप परत बोलवा."

"गेला का? बघा, एका सेकंदात गेला!" जावयाच्या आवाजातला अभिमान लपत नव्हता.

"अहो, जायला नको होता!"

"मग 'पाठवा' का दाबलंत?"

या प्रश्नाला उत्तर होते, पण ते सांगायला अडतीस वर्षे लागली असती. तेवढ्यात जावयाची बायको धावत आली. तिने वडिलांचा चेहरा पाहिला, निरोप वाचला आणि नवऱ्याकडे वळली. "बाबा पाठवायला दाबत नाहीत रे! तो गोल फिरतो ना, तेव्हा ते ठरवतात. गोल कुठं ठेवलास?"

"काढून टाकला," जावई म्हणाला. पहिल्यांदाच त्याला आपल्या कामाविषयी शंका आली. "थांबा, 'सगळ्यांसाठी काढून टाका' असं असतं त्यात." त्याने ओल्या बोटाने निरोप दाबून धरला. फोन तव्यासारखा तापला होता. बोट त्या शब्दांवर जाणार, तोच पडदा काळा झाला.

फोन आपणहून बंद झाला, आपणहून सुरू झाला आणि सुरू होताच पुन्हा दीडपट वेगाने पळाला, कारण चौकोनात तशी खूण होती. पळाला म्हणून तापला, तापला म्हणून बंद पडला. असे चारदा झाले.

"याला गार करायला हवं," जावई म्हणाला आणि त्याने फोन फ्रिजमध्ये अंड्यांच्या खणात उभा केला.

चौघेजण फ्रिजसमोर थांबले. सासरे स्टुलावर बसून राहिले होते. "दादा माझ्यावर कधी रागावला नाही," ते म्हणाले. "त्याला राग येतो की नाही, हेही मला माहीत नाही. तो तुटला तर मला वर कोण आहे?" जावयाने टॉवेल घट्ट केला.

आणि फ्रिज वाजू लागला.

"दादांचाच असणार," सासूबाई म्हणाल्या. "घ्या की."

"काय बोलू?"

"मग दार तरी उघडा. ते आत गारठत असतील."

सासरे उठले, फ्रिजच्या दाराला हात लावला आणि तिथेच थांबले. आयुष्यभर त्यांना एकदा तरी वाचून पाहिल्याशिवाय वाक्य सोडता आले नव्हते, आणि फोनवर बोलताना तशी सोय नसते. फ्रिज अकरा वेळा वाजला आणि थांबला. मग मात्र सासऱ्यांनी घाईने दार उघडले आणि दादाला उलट फोन लावला. तो एकदा वाजला, दुसऱ्यांदा वाजायच्या आत पडदा काळा. मुलीने आपल्या फोनवरून काकांना लावून पाहिले. तिकडे कुणी उचलेना. मधल्या काळात सेक्रेटरीने इमारतीच्या ग्रुपमधून राजीनामा दिल्याची बातमीही मुलीच्याच फोनवर आली, पण तिच्याकडे कुणी लक्ष दिले नाही.

पुढचे दोन तास दादाचा पत्ता नव्हता. एक्क्याऐंशी वर्षांचा, एकटा राहणारा माणूस फोन उचलत नाही म्हटल्यावर सासऱ्यांनी चपला घातल्या. दार उघडले तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, कठड्याला धरून दादा उभा. लिफ्ट बंद असल्यामुळे चार मजले चढून आलेला.

"या, दादा," सासूबाई म्हणाल्या. "पाणी आणते."

"पाणी मग. आधी याला विचारतो." दादा खुर्चीत टेकला. धाप जरा बसली तसे म्हणाला, "'बाकीच्या अशाच असणार' म्हणजे काय रे? असणार? वाचल्या नाहीस?"

"काका, त्यात बाबांची चूक नाही, तो फोनच मुळात..." जावई मध्ये पडला.

"तुम्ही थांबा," दोघे भाऊ एकदम म्हणाले.

सासऱ्यांनी वाक्य मनात दोनदा तपासले. त्यात दुरुस्तीला जागा नव्हती. "नाही वाचल्या. पहिल्या दोन ओळी वाचायचो."

"तीन वर्षं?"

"तीन वर्षं."

दादाला लागले होते, ते लपवण्याची कला त्याच्यापाशी नव्हती. मग तो म्हणाला, "उन्हाळ्यातल्या नाही वाचल्यास ते बरंच झालं. पण आजची खोटी नाही."

"दादा, मी तिला कधी..."

"तू नव्हतास. नऊ वर्षं तू नव्हतासच घरात. मी शाळेतून यायचो ना, तर खालच्या रस्त्यावर ऐकू यायचं. तुझ्या वेळी वडील आजारी पडले. तिनं शिवणकाम घेतलं, पुढं मी डेपोत लागलो. मग गाणार कोण? त्यातून तू असा रडका, की तू गप्प झालास तर सगळं घर श्वास धरून बसायचं. आईच काय, आम्ही खोकायचोसुद्धा नाही."

सासूबाईंना हसू आले. सासरे हसले नाहीत. आपल्याला आईचा फक्त दुसरा अर्धा भाग मिळाला आणि तोच आपण सगळा समजलो, हे त्यांना आज, बाहत्तराव्या वर्षी, चप्पल पायात असताना कळत होते. मनात वाईटही वाटत होते आणि दादाचा हेवाही.

"काय गायची?" त्यांनी विचारले.

दादाने घसा साफ केला. आजवर त्याने कविता पाठवल्या होत्या, म्हणून दाखवली एकही नव्हती. डोळे मिटून, घोगऱ्या आवाजात त्याने एक चाल धरली. शब्द अर्धेच होते, बाकीच्या ठिकाणी नुसते हुंकार. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीत वर जायच्या ठिकाणी आवाज घसरला आणि भलतीकडेच जाऊन पडला.

सासऱ्यांचे बोट आपोआप वर झाले. "इथं चुकलास."

"मी नाही," दादा म्हणाला. "ती इथंच चुकायची."

सासऱ्यांनी बोट खाली घेतले. पायातल्या चपला काढून बाजूला सारल्या आणि खुर्ची दादाच्या जवळ ओढली.

"पुन्हा म्हण," ते म्हणाले. "चुकीसकट."