देसले सरांची चिलटं

मुरबाडच्या बाजारात केळीवाल्यासमोर उभं राहून "चांगली नकोत, सडकी दे" असं म्हणणारा एकच माणूस आहे, आणि तो माझ्याच घरी भाड्यानं राहावा, हे माझं नशीब. आमच्या मागच्या खोलीतले देसले सर. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, आता रिटायर झालेत. लग्न केलं नाही. केळीवाल्याला वाटतं, बिचाऱ्याची परिस्थिती नाही, म्हणून तो दोन चांगली केळीही पिशवीत टाकतो. सर ती परत करतात. "ही सडेपर्यंत ती उपाशी मरतील," म्हणतात.

"ती" म्हणजे चिलटं. हो, केळ्यांवर घोंगावतात तीच. लोक हाकलतात, सर पाळतात. सॉसच्या बाटल्या उकळून घ्यायच्या, आत केळं, गूळ आणि यीस्ट, वर कापसाचा बोळा. मे महिन्यात चिलटांना उकडतं म्हणून बाटल्यांवर ओलं गोणपाट, आणि सर स्वतः शेजारी घामानं निथळत बसलेले! एकदा बोळा सैल राहिला आणि आमच्या आमटीत चिलटं पोहायला लागली. मी तरातरा मागे गेले.

"सर, खोली रिकामी करा! चिलटं काय पाळायची वस्तू आहे? कोंबड्या पाळा, अंडी तरी देतील."

"अंडी हीसुद्धा देतात, वहिनी," सर शांतपणे म्हणाले.

आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

उलट त्यांनी मलाच स्टुलावर बसवलं. बाटलीच्या काचेवर चढणारी चिलटाची एक अळी उचलली, दोन सुयांनी तिचा मेंदू सोडवला आणि कॉलेजनं भंगारात काढलेल्या मायक्रोस्कोपखाली ठेवला. मला दोन पांढुरके गोळे दिसले.

"एवढ्याशात काय असणार?" मी म्हटलं.

"सगळं. वास ओळखणाऱ्या पेशी, उजेड ओळखणाऱ्या, पाय हलवणाऱ्या. एकीसारखी दुसरी नाही. आणि या सगळ्या होतात मोजक्या मायांपासून."

सर मूळ पेशीला माय म्हणतात. ही माय जागेवर राहते आणि तिच्यातून एकामागून एक लेकी सुटत जातात. पहिल्या लेकी एका जातीच्या, पुढच्या दुसऱ्या, त्यापुढच्या आणखी तिसऱ्याच. माय मेंदूच्या कुठल्या कोपऱ्यात बसलीय यावर लेकीची जात ठरते, आणि लेक कितव्या वेळची यावरही.

"पण माय तर तीच ना?"

"तीच कुठं राहते! तिच्या आत एक खूण पेटते, ती विझताना दुसरी पेटते, मग तिसरी. ज्या वेळी जी पेटलेली, ती त्या लेकीच्या पदरात. क्रमानं होतं सगळं, वहिनी, क्रमानं."

हे मात्र मला पटलं. मला तीन मुलं. थोरला नुसता शिंकला तरी मी डॉक्टरकडे पळायचे. धाकटा बांधावर बसून माती खायचा आणि मी खुशाल भाताची आवणी करत असायचे. आई मीच, पण कुठं ती आणि कुठं ही!

"हे तुम्ही शोधलंत?"

"छे हो! मोठ्या प्रयोगशाळांतल्या लोकांनी. मी वाचतो, आणि जमेल तेवढं बघतो."

दर रविवारी सर एक बाटली पिशवीत घालून एसटीनं टोकावड्याला जातात. तिथं त्यांची आई आणि धाकटा भाऊ सदू. "आईला दाखवतो," म्हणायचे. म्हाताऱ्या आईला लाडू न्यावेत, चिवडा न्यावा. हा बाबा चिलटं नेतो! मी कपाळाला हात लावायचे.

मग यंदा ग्रहण आलं. माझी सून प्रियंका तेव्हा पाच महिन्यांची गरोदर. दुपारी वेध लागले तशी मी विळी, सुरी, कात्री, सुयासुद्धा कपाटात घालून कुलूप लावलं आणि तिला कोपऱ्यात पाटावर बसवलं. कापायचं नाही, चिरायचं नाही, हलायचं नाही. पोरगी रडकुंडीला आली. "मम्मी, भूक लागली हो. काकडी तरी खाऊ द्या."

"ग्रहण सुटल्यावर!"

तेवढ्यात सर गूळ मागायला आले. प्रियंकाला तसं बसलेलं पाहिलं आणि ज्या माणसाचा चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता, तो ओरडला, "उठवा तिला! वहिनी, आधी उठवा तिला!"

आम्ही दोघी चपापलो. सर उंबऱ्यावरच बसले आणि म्हणाले, "सदू आमचा बोलत नाही. पन्नाशी आली, अजून आई भरवते. तो पोटात असताना ग्रहणात आईनं विळीवर काकडी चिरली होती. सासूनं बोल लावला, मग गावानं लावला. आता बोलणारे सगळे गेले, तरी तिनं स्वतःला सोडलेलं नाही. अजून दर ग्रहणाला दिवसभर पाणी पीत नाही. सदूच्या पायांवर डोकं ठेवते, वहिनी. आई लेकाच्या पायांवर!"

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"मेंदू होतो कसा, हे मी त्यासाठी शिकलो. सदूचं काय बिघडलं ते मला आजही सांगता येत नाही. पण जिथं ते काम चालतं, तिथं विळी पोचत नाही, हे छातीठोक सांगतो."

"मग आईला सांगा की!"

"दर रविवारी सांगतो. बाटली दाखवतो, अळी दाखवतो. ती म्हणते, तू माजा लेक, तू आसाच बोलनार."

मग मी उठले, प्रियंकाला पाटावरून उठवलं, कुलूप काढलं आणि विळी तिच्यापुढं ठेवली. तिनं काकडी चिरली. प्रत्येक फोडीला मी मनात देवाचं नाव घेत होते, खोटं कशाला सांगू? पण मी "थांब" म्हटलं नाही.

पुढच्या रविवारी सर म्हणाले, "तुम्ही चला माझ्याबरोबर. तुम्ही ग्रहण मानता. तुमचं आई ऐकेल."

टोकावड्याच्या घरात ओटीवर सदू बसला होता. केस पिकलेला, दाढी गुळगुळीत केलेला, अंगात स्वच्छ सदरा. सरांनी बाटली हातात देताच आतली चिलटं बघून खुदखुदून हसायला लागला. म्हातारीनं मला जवळ बसवलं. सरांनी सगळं सांगून टाकलं, प्रियंकाचं, काकडीचं. म्हातारीनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. माझं मनगट घट्ट धरलं.

"खरा का गो बाय? सुनेला तू उठवलीस?"

"उठवली, आजी."

"तुज्यासमोर चिरली तिनं?"

"माझ्यासमोर. विळी मीच दिली."

"भ्याली नायस?"

"भ्याले. अजून भीती जात नाही. पण सर म्हणतात ते मला पटलंय. नाहीतर माझं नातवंड मी पणाला लावलं असतं का?"

म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग सरकत सरकत सदूजवळ गेली आणि त्याच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "सद्या, माजा काय चुकला नव्हता रं." सदू तिला बाटली दाखवत होता. ती रडत होती, मीही रडत होते.

एकदम तिनं डोळे पुसले आणि सरांवर कडाडली, "न् तू रं! येवरा शिकलास, येवरी वरसा झाली, तुला मेल्या नीट सांगता नाय आला?"

सर दारात उभे होते. चष्मा हातात, डोळे वाहताहेत, आणि तोंडभर हसू.

"नाय आला, आये," ते म्हणाले. "माजाच चुकला."